सारवासारव

अमरावती, ३ फेब्रुवारी २०२४

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहिते आहे. नितेशचं आधी एक लग्न झालेलं आहे, हे प्रणालीच्या साक्षगंधाला पंधरा दिवस उरले असताना मला भाजीवाल्या गोदाबाईंकडून कळावं? स्थळ तुम्ही आणलंत, माहिती तुमच्या वळणदार अक्षरात, आणि त्यात 'अविवाहित'! विचारलं तर म्हणे विशेष काही नव्हतं. दादा, या सारवासारवीची मला किळस आली. पहिली बायको का गेली, एवढं सरळ कळवा. मामाच्या शब्दावर लेकीने होकार दिला आहे.

लोभ आहेच, तो टिकेल असं उत्तर यावं.
तुमची साधना

अकोला, ६ फेब्रुवारी

चि. सौ. साधनास,
अ. उ. आ.

बत्तीस वर्षं मराठी शिकवलेल्या भावाला लिहिताना शब्द तरी नीट वापर. सारवासारव हा शब्द 'सारवणे'पासून आला. पाहुणे येणार म्हटलं की बाया शेणाने जमीन सारवत, भेगा बुजत, घर प्रसन्न दिसे. त्यात फसवणूक कुठली? शब्द बदनाम केला तो लोकांनी. मीही तेवढंच केलं. ती दामिनी, मूर्तिजापूरची, चार महिने राहिली, पटलं नाही, गेली. मुलगा एकुलता एक, ओलिताची शेती. प्रणाली तिशीला आली, हे विसरू नकोस. आता उकरत बसू नये.

माया पूर्वीइतकीच आहे, असं समजावं.
पंजाबराव

अमरावती, ९ फेब्रुवारी

दादा,

मायना लिहवला नाही.

जमीन मी सारवली आहे, तुम्ही नाही. उंदराचं बीळ दिसलं तर आधी खडे ठासून भरायचे, मग सारवायचं. बिळावरून नुसतं शेण फिरवलं तर आई हातावर फटका मारायची. तुमचा मूळ अर्थ तुमच्यापाशीच ठेवा.

काल प्रणालीला घेऊन मूर्तिजापूरला गेले. दामिनीने चहा डाव्या हाताने दिला. उजवा कोपरापर्यंत भाजलेला आहे. नितेशने उकळतं तेल ओतलं. तुमचं नाव काढताच तिने भाजलेला हात पदराखाली घेतला. मग म्हणाली, की गुरुजींले सगळं मालूम होतं, मीच गेली होती त्यायच्याकडे. दहावीला तुम्ही तिला शिकवलंत, म्हणून पट्टी बांधलेल्या हाताने ती आधी तुमच्या दारात आली. तुम्ही तिला सांगितलंत, की पोरी, तेल सांडलं म्हण.

आणि त्याच घरात माझी लेक द्यायला निघालात. शी! साक्षगंध मोडलं आहे. सोमवारी प्रणाली दामिनीला घेऊन पोलिसांत जाते आहे. तक्रार प्रणालीनेच लिहून दिली. साक्षीदारांत पहिलं नाव तिच्या मामाचं आहे.

साधना