लंडनला निघालो, हिमायतनगरला आहे

स्थळ : कळवत नाही (पाकिटावरचा शिक्का कृपया बघू नये)
वार : बुधवार

प्रिय वीरण्णा,

शरणु शरणार्थी. तुला ‘प्रिय’ लिहावं की ‘मा. श्री.’ लिहावं, यात माझे दोन कागद वाया गेले. शेवटी जे तोंडात बसलंय तेच लिहिलं. राग आला तर खोडून टाक. तुझी तब्येत, शांतम्मावहिनींचे गुडघे आणि गॅरेजच्या पत्र्याची गळती हे सगळं ठीक आहे असं धरून चालतो, कारण विचारायची काही सोय तू ठेवलेली नाहीस. दहा दिवसांत एकोणीस फोन केले, तू एकही उचलला नाहीस. व्हॉट्सअॅपवर ‘शुभ सकाळ’ पाठवलं तर रेघा अजून निळ्या झालेल्या नाहीत. म्हणून हे पत्र. याआधीचं पत्र मी तुला बी.एड.ला अंबाजोगाईला असताना लिहिलं होतं आणि त्यात एक गादी मागितली होती. तू ती एसटीच्या टपावर टाकून स्वतः घेऊन आला होतास. तेव्हा माझ्या पत्रांचा तुझा अनुभव काही फार चांगला नाही, हे मला मान्य आहे. एक विनंती आधीच करून ठेवतो : हे पत्र कोणाला दाखवू नकोस. वाचून झालं की गॅरेजमधल्या जळक्या तेलाच्या डब्यात टाक.

आता मूळ मुद्दा. सगळं उदगीर समजतं की मी जीप घेऊन लंडनच्या वाटेवर नेपाळात आहे. मी नेपाळात नाही. मी मध्य प्रदेशातही गेलेलो नाही. मी आपल्यापासून दोनशे किलोमीटरच्या आत, हिमायतनगरच्या शिवारात, तारामतीच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी आहे. (तारामती म्हणजे माझी मावसबहीण. तिच्या लग्नात जनरेटर बंद पडला तेव्हा तू नव्या धोतरानिशी त्यात हात घातला होतास, ती.) लंडन इथून अंदाजे सोळा हजार किलोमीटर आहे. म्हणजे प्रवासाचा एक टक्का, आणि थोडा वर, पूर्ण झाला असं म्हणायला हरकत नाही.

मी इथे कसा आलो ते तुलाच नीट समजेल, म्हणून सविस्तर लिहितो. तेहेतीस वर्षं पोरांना भूगोल शिकवला. जगाचा नकाशा डोळे मिटून फळ्यावर काढायचो. पण नांदेड सोडल्यावर भोकरकडे वळलो ती चूक झाली. नागपूरला जायचं तर अर्धापूरवरून हदगावकडे जायला हवं होतं. चूक अर्ध्या किलोमीटरवरच लक्षात आली होती. कोणीही शहाणा माणूस तिथे गाडी मागे घेतो आणि वळतो. पण तुला ठाऊक आहे, मला रिव्हर्स येत नाही. तू शिकवत होतास तेव्हा मी म्हणालो होतो की पुढे जायचं मी बघतो, मागे घ्यायचं खातं तुझ्याकडे. तेव्हा पुढे मोकळी जागा मिळेल, मग मोठा वळसा घेऊन फिरू, असं करत करत मी भोकर ओलांडलं आणि हिमायतनगरला पोचलो. (वाटेत मोकळ्या जागा होत्या. पण तिथे माणसं बसलेली होती, आणि गाडीच्या कपाळावर ‘उदगीर ते लंडन’ लिहिलेलं. लोकांसमोर तीनदा चुकायची माझी तयारी नव्हती.) मग तारामतीची आठवण झाली. बैलगाडीच्या वाटेने आखाड्याकडे गाडी घातली. ती वाट एका विहिरीपाशी संपते. समोर विहीर, दोन्ही अंगाला माणसाच्या छातीएवढी तूर, आणि मागे चारशे मीटर वाट. दहा दिवस झाले, जीप विहिरीत डोकावून उभी आहे.

तू म्हणशील, चीनचा परवाना आलेला नसताना निघालासच कशाला. खरं आहे. स्वतःची गाडी चीनमधून न्यायची तर त्यांचा परवाना लागतो आणि त्यांचाच वाटाड्या गाडीत बसवावा लागतो, हे मीच तुला गॅरेजमध्ये नकाशावर पट्टी ठेवून समजावलं होतं. (तेव्हा तू एवढंच विचारलं होतंस की तो वाटाड्या पुढे बसणार की मागे.) पण इकडे प्रमुख पाहुण्यांना तोच एक रविवार मोकळा होता. तारीख त्यांनी दिली, मंडप पडला, कार्यक्रमपत्रिका वाटल्या गेल्या. त्याच्या आधी पंधरा दिवसांत माझे अकरा सत्कार झालेले होते. अकरा शाली घेतल्यावर ‘कागद आलेला नाही, दोन महिने थांबू’ असं सांगायला जी छाती लागते, ती माझ्याकडे नव्हती. आपल्याकडे माणूस जाऊन आल्यावर सत्कार करायची वाट कोणी बघत नाही, आणि मीही बघायला लावली नाही.

आता फ्लेक्सबद्दल. इथवर लिहायला मला दोन दिवस लागलेत. आपला शिवम, माझ्याच हातून भूगोलात नापास झालेला आणि आज चौकातल्या सगळ्या फ्लेक्सचा मालक, त्याने तो शुक्रवारी दुपारी मला मोबाईलवर पाठवला होता, ‘सर, बघून सांगा’ म्हणून. जिवंतपणी कधी घातला नाही असा कोट माझ्या मानेखाली लावलेला. रस्त्याने निघालो असताना मागे विमान, आणि लंडन म्हणून पॅरिसचा मनोरा. असल्या चुकीला मी आयुष्यभर अर्धा गुण कापत आलो. वर मोठ्या अक्षरात : ‘एक शिक्षक, एक जीप, एक जिद्द.’ आणि खाली शुभेच्छुकांची गोल गोल तोंडं, सव्वीस. दुसऱ्या ओळीत डावीकडून सातवा तू होतास, एका बाजूला रसवंतीवाला आणि दुसऱ्या बाजूला कोणाचं तरी वर्षाचं पोर. लायसनवरचा तो डोळे मिटलेला फोटो कुठून मिळवला, देव जाणे.

वीरण्णा, मला दिसलं नाही असं मी मनाशी बरेच दिवस म्हणून पाहिलं. पण मी दोन बोटांनी चित्र मोठं केलं होतं. तू दिसलास. मनात आलं, शिवमला सांगावं की अरे, हा शुभेच्छुक नव्हे, याने देगलूर लाईनवर प्रवासी वाहून भंगारात निघालेली जीप तीन वर्षं खपून उभी केली, आणि हाच ती चालवणार आहे. तेवढ्यात नजर परत माझ्या कोटाकडे गेली. मी ‘छान’ असं लिहिलं आणि पाठवलं. त्या ‘छान’ची मला लाज वाटते.

रविवारचं तर तुझ्या डोळ्यांसमोरच झालं. मी चाळीस मिनिटं बोललो. मंडपवाल्याचे आभार मानले, माईकवाल्याचे मानले, चहा देणाऱ्या बाईंचे मानले, वाहतूक अडवली म्हणून हवालदारांचे मानले. तुझं नाव आलं नाही. आमच्या हिने, विमलने, मी मंचावरून उतरल्यावर विचारलं तेव्हा मी ‘गडबडीत राहून गेलं’ म्हणालो. राहून गेलं नव्हतं. मंचावरून तू मला सरळ दिसत होतास. जीपची काच पुसत होतास, अंगावर गॅरेजचे कपडे. (तो मोतिया रंगाचा सफारी शिवून आणला होतास ना, त्याचं माप द्यायला मीच तुझ्याबरोबर आलो होतो.) मला वाटलं, याला वर बोलावलं तर टाळ्या वाटल्या जातील. साठ वर्षांत माझ्यासाठी कोणी एवढ्या टाळ्या वाजवल्या नव्हत्या, आणि मला त्या सगळ्या हव्या होत्या. याहून वाईट काही माझ्याबद्दल सांगण्यासारखं नाही, म्हणून हेच सांगतो.

मग तू हत्यारांची पेटी मागे ठेवलीस, किल्ली माझ्या हातात दिलीस, आणि मी तुला बस म्हणालो तर फ्लेक्सकडे बघून म्हणालास, “बोर्डावर एक शिक्षक, एक जीप लिवलंय की. मी कुठं बसू?” तेवढ्यात बँड सुरू झाला आणि पाहुण्यांनी झेंडी दाखवली. मला वाटलं, नांदेड रोडच्या पेट्रोलपंपापाशी तू उभा असशील, चेष्टा केली म्हणशील. पंपापाशी गाडी हळू केली. तू नव्हतास. तिथे गोल फिरायला भरपूर जागा होती, रिव्हर्सची काही गरज नव्हती. तरी मी फिरलो नाही.

इथले दिवस कसे जातात ते सांगतो. शिवमने केलेल्या ग्रुपवर लोक रोज नेपाळचे फोटो मागतात. परवा तारामतीच्या जावयाबरोबर सहस्रकुंडाला गेलो होतो, त्या धबधब्याचा एक टाकला. लगेच एका जुन्या विद्यार्थ्याने विचारलं, सर, हे सहस्रकुंड आहे का. मी त्याला लिहिलं की बाळा, समान खडकरचनेमुळे धबधबे सारखे दिसतात. त्यावर सत्तर अंगठे आले. शिकवलेलं सगळं असं कामी येतंय. तारामती भाकरी वेळेवर देते, पण भाकरीबरोबर बोलतेही. परवा ताट पुढे सरकवत म्हणाली, “दादा, तू लंडनला जाऊन राहिला का लोकायला भिऊन राहिला? अन् ज्यानं गाडी उभी केली त्यालाच सोडून आला, मंग गाडीनं तरी तुला का न्यावं?” विमलचं म्हणणं याहून थोडक्यात आहे. दार उघडीन म्हणते, पण आधी वीरण्णाभाऊजींकडे जाऊन या.

आणखी एक. अंधारात हातातली बॅटरी शोधायला म्हणून तुझी पेटी उघडली तर खालच्या कप्प्यात तुझी शंभरपानी वही सापडली. मला वाटलं, सुट्या भागांची यादी असेल. यादी आहेच. पण प्रत्येक देशाला एकेक पान दिलेलं आहे, आणि त्या पानावर पाण्याला तिथे काय म्हणतात, डिझेलला काय, पंक्चरला काय, हे तू मोबाईलवर ऐकून ऐकून पेन्सिलीने लिहिलेलं आहे. शिक्षक मी, पण मी एकाही भाषेतला एकही शब्द शिकलो नाही. मी भाषणाची तयारी करत होतो. आणि शेवटच्या पानावर : दर पाच हजार किलोमीटरला ऑईल, दर दहा हजारला फिल्टर, शेषाची बीपीची गोळी रोज नाश्त्यानंतर, विसरतो. मी त्या दिवशी गोळी विसरलोच होतो. वही वाचून घेतली.

असो. पत्र लांबलं. तुझ्याशी बोलत असतो तर तू मधेच स्टार्टर मारून मला गप्प केलं असतंस. शांतम्मावहिनींना नमस्कार सांग. तुला माझ्याकडून काही सांगण्याची माझी योग्यता उरलेली नाही, पण तब्येत सांभाळ.

तुझा,
शेषेराव

ता. क. : जीप विहिरीपासून मागे घ्यायची आहे. तूर हिरवीगार आहे, एक झाडही मोडायला नको, आणि चारशे मीटर सरळ मागे घेणारा माणूस या जिल्ह्यात तुझ्याशिवाय नाही. एक दिवस काढून ये. जाता-येताचं भाडं मी बघतो. खरं तर याच कामासाठी पत्र लिहिलं.

ता. क. २ : वरचं खोटं आहे. तारामतीच्या जावयाने तिसऱ्याच दिवशी जीप मागे घेऊन रस्त्यावर लावली, सहा मिनिटांत, एका हाताने मोबाईलवर बोलत. एकच झाड मोडलं. जीप ठणठणीत आहे. मी खोटं लिहिलं, कारण बिघाडाला तू नाही म्हणत नाहीस हे मला माहीत आहे. माणसासाठी येशील की नाही, ते माहीत नाही.

ता. क. ३ : चीनचा परवाना आला तर तुझ्याबरोबर जाईन, नाही आला तर तुझ्याबरोबर बिदरला जाऊन चहा पिऊन येऊ. पण ते पुढचं. सुरुवातीला हे पत्र तेलाच्या डब्यात टाक म्हणालो होतो, ती विनंती रद्द समज. गुरुवारी आठवडी बाजार, गॅरेजवर गर्दी असते, तेव्हा ते बाहेर काढ. शिवमलाही बोलावून घे. भाषणात जे बोलायला हवं होतं ते सगळं यात आहे, कोट आणि टाळ्यांसकट. पहिल्या ओळीपासून वाचा, काही गाळू नका. फक्त तू वाचू नकोस, तुझा आवाज खालून निघतो. शांतम्मावहिनींना वाचायला दे. त्यांचा आवाज बसस्टँडपर्यंत जातो.