विहिणीचं ताट

आदिलाबाद
११ डिसेंबर २०२४

ती. अक्कांस,
सा. न. वि. वि.

परवा बेल्याहून आम्ही सुखरूप पोचलो. फोनवर तुमचं कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं, म्हणून तुम्ही फोन स्पीकरवर टाकता आणि सगळं घर ऐकतं. तेव्हा हे पत्र खुशालभाऊंच्या हाती पाठवते. ते रोज बेल्याहून इथे वीज खात्यात येतात, टपालाच्या आधी पोचवतील.

तुमच्या भावाला ईशानचं साक्षगंध फार आवडलं. घरी येईपर्यंत व्याह्यांच्या कढीचंच कौतुक चाललं होतं. ईशान गप्प होता. इतक्या मुली पाहिल्या, पण त्याने स्वतःहून हो म्हटलेली आरोही ही पहिलीच, तेव्हा त्याचं गप्प बसणं मला कळतं. माझ्यामुळे काही बिनसेल याची त्याला धास्ती आहे.

तुम्ही स्वयंपाकघरात होतात, सगळं दिसलं नसेल. विहीणबाई वच्छलाबाईंनी माझ्या ताटाभोवती रांगोळी घातली होती आणि पोळीवर तूप स्वतःच्या हाताने सोडत होत्या. नवऱ्या मुलाच्या आईला असंच वाढतात, मी नको कशी म्हणू? सात वर्षांपूर्वी हैदराबादला माझं पोट कापून लहान केलं तेव्हा उशाशी तुम्हीच होतात. पुरणाची पोळी मला काय करते ते तुम्हाला सांगायला नको. नेहमीसारख्या दोन पोळ्या रुमालात गुंडाळून मी पर्समध्ये सरकवल्या. तिसरी त्यांनी समोर उभं राहून खायला लावली. थोड्याच वेळात घाम फुटला, छाती धडधडायला लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली. गोठ्यामागे जाऊन ओकले. आरोहीने पाठ चोळली, पाणी दिलं. तोंड पुसायला रुमाल ओढला आणि दोन्ही पोळ्या मागोमाग आलेल्या वच्छलाबाईंच्या पायाशी पडल्या. त्यांनी वाकून पोळ्या उचलल्या आणि गाईपुढे टाकल्या.

ईशान म्हणतो, आई, ऑपरेशन झालंय हे सांगून टाक, त्यात काय एवढं. त्याला कळत नाही. सगळ्या नात्यागोत्यात मी चालून आणि ताक पिऊन बारीक झाले असं सांगितलंय. शाळेची हेडबाई म्हणून पालकसभेत आहारावर भाषणं दिलीत. तोंड आवरता येत नव्हतं म्हणून पोट कापून घेतलं, हे आता कोणत्या तोंडाने सांगू? तिकडे काय बोलणं चाललंय ते कळवा. ऑपरेशनचं मात्र काढू नका.

कळावे. लोभ आहेच, तो या वेळी थोडा जास्त असू द्यावा.

आपली,
वनमाला


बेला
१६ डिसेंबर २०२४

चि. सौ. वनमाला हिले अनेक उत्तम आशीर्वाद.

तुयं पत्र भेटलं. माया भावाले कढी आवडली म्हणतं, त्याले लहानपणापासून दुसऱ्याच्याच घरची कढी आवडते. तू मनाले लावून घेऊ नको.

काल वच्छला आली. बस म्हटलं तर बसली नाई, उभ्यानंच बोलली. म्हणे, आमच्या हातचं अन्न इतकं वंगाळ होतं का, की विहीणबाईनं अर्धं पर्समंदी लपवाव अन् अर्धं गोठ्यामागं ओकाव? आमचं अन्न चालत नाई तर आमची पोरगी काऊन चालते? आरोहीचे बाबा सुधाकरराव तं म्हणून राह्यले की साक्षगंध झालं म्हणून काय झालं, मोडताबी येते.

बाई, खरं सांगाव तं तू तोंड शिवून ठेवलं मायं. मंग जे सुचलं ते बोलली. तिले म्हटलं, वनमालाचा नवस हाय. पोराचं लगन होयेपर्यंत गोड खायाचं नाई अन् जेवण चार घासाचं. पोळ्या टाकाले नव्हत्या लपवल्या, घरी देवापुढं ठेवाले नेत होती. तुमी बळंच खाऊ घातलं म्हणून तिले तसं झालं.

वच्छला मटकन खाली बसली. डोळ्याले पदर लावला. म्हणे, मी मोठी पापीण, माऊलीचा नवस मोडला. जाताना दोनदा चहा पिली. आता लगन पक्कं समज. खोटं मी बोलली, ते माया डोक्यावर. तू फक्त गप राह्य. एप्रिलात अक्षता पडल्या का नवस फिटला.

महिन्याचं इंजेक्शन चुकवू नको. मांगच्या वेळी चुकवलं तं हातापायाले मुंग्या येत होत्या, ध्यानात ठेव.

आमचा लोभ हाय, म्हणून रागावतोबी.

तुयी,
जयवंताबाई


आदिलाबाद
१७ जानेवारी २०२५

ती. अक्कांस,
सा. न. वि. वि.

अक्का, तुम्ही मला संत करून ठेवलंत. एवढं मोठं काम करताना जरा विचारायचं तरी.

संक्रांतीला वच्छलाबाई आणि आरोही इथे आल्या होत्या. सगळ्या बायकांना तिळगूळ दिला. माझ्यापुढे आल्यावर वच्छलाबाईंनी हात मागे घेतला आणि वाकून माझ्या पायाला हात लावला. त्या माझ्याहून वयाने मोठ्या आहेत. म्हणाल्या, तुमी लेकरासाठी जीव जाळून राह्यल्या, आमाले हे काई जमलं नाई. खोलीत माझ्या शाळेच्या चार बायका होत्या. मी खाली पाहिलं आणि हसले. लोकांना ते नम्रतेचं वाटलं असणार.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण खरं सांगते, पोळ्या चोरणारी बाई होऊन बसण्यापेक्षा नवसवाली बाई होणं मला सोपं गेलं. शाळेत रोज दुपारी तेलुगू बायका विचारतात, मॅडम, तिन्नारा, जेवलात का. साधी विचारपूस असते, पण मी डब्याला झाकण लावते, कारण पुढे त्या डब्यात डोकावतात. गेल्या दोन वर्षांत वजन थोडं परत चढतंय, त्यावरही त्या चिडवतात की मॅडम, ताक सोडलं काय. आधी बारीक कशी झाले ते लपवलं, आता परत सुटतेय हे लपवते. दंडाची कातडी लोंबते म्हणून उन्हाळ्यातही लांब बाह्यांचे ब्लाउज. आरोही मात्र माझ्याकडे एकटक बघत होती. जाताना हळूच म्हणाली की आई, तुम्ही या वयात किती छान दिसता. मला घाम फुटला, आणि त्या दिवशी गोड काहीच खाल्लं नव्हतं.

तुमच्या गुडघ्यांचं कसं आहे ते लिहा. कळावे, आणि आता आणखी नवस लावू नका.

आपली,
वनमाला


बेला
५ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. वनमाला हिले आशीर्वाद.

हे पत्र वाचून लगेच निघून ये.

काल आरोही वावरात चक्कर येऊन पडली. शेवटचा कापूस येचाले बाया लावल्या होत्या, त्याइले पाणी घेऊन गेली अन् तिथंच कोसळली. डॉक्टरनं सलाईन लावलं. वच्छलाले वाटलं ऊन लागलं. पण पोरीच्या वहिनीनं, रुपानं सांगतलं, संक्रांतीपासून ह्या पोरीनं तुयावाला नवस धरला हाय. चार घास सकाळी, चार घास संध्याकाळी. बाकीचं ताट गुपचूप गाईले. आईले कळू देत नव्हती.

मी तिच्या उशाशी बसली. इचारलं, काऊन वं असं करतं? तं म्हणे, सासूबाईचा नवस माया लग्नापायी हाय, मंग म्या काऊन पोटभर जेवाव? अन् मंग भिंतीकडं तोंड करून म्हणे, लग्नाच्या फोटोत मी सासूबाईच्या बाजूले उभी राह्यली तं लोक हसतीन. वनमाला, पोरगी अंगानं भरलेली हाय, पण चांगली धडधाकट होती. आता तोंड उतरून गेलं.

खोटं मायं होतं, मी आताच जाऊन सांगू शकतो. पण मी सांगून काय सांगू? पोट तुयं हाय. वच्छला अजून लोकाइले सांगून राह्यली की सासू-सुनेचा नवस एक हाय, केवढं भाग्य. मले तिच्या तोंडाकडं पाहावत नाई.

मायं चुकलं. तुयंबी चुकलं. रागावली तरी ये.

जयवंताबाई


आदिलाबाद
११ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कांस,
सा. न. वि. वि.

वच्छलाबाईंच्या दारापर्यंत तुम्ही सोबत आलात आणि आत आला नाहीत, ते बरं केलंत. तुम्ही असतात तर मी तुमच्याकडे बघून रडले असते आणि सांगायचं राहिलं असतं.

मी स्वयंपाकघरात पाटावर बसले. वच्छलाबाई भाकरी थापत होत्या, आरोही खांबाला टेकून बसली होती. नवस वगैरे काही नाही, असं मी सुरुवातीलाच सांगितलं. मग सगळं सांगितलं. साखर वाढली होती, जिना चढवत नव्हता. डॉक्टरांनी पोटाची लहानशी पिशवी केली आणि आतडं तिला नवीन जागी जोडलं. आता गोड सोसत नाही, भरभर खाल्लं की उलटी होते, जन्मभर गोळ्या आणि इंजेक्शनं आहेत. ऑपरेशन केलं याचा मला पस्तावा नाही, पाय चालतात, साखर आटोक्यात आहे. ते लपवलं, आणि माझी लाज झाकण्यापायी तुमची मुलगी उपाशी राहिली, त्यामुळे मला तोंड दाखवता येत नाही.

वच्छलाबाईंच्या तव्यावरची भाकर करपली. ती उतरवून त्यांनी विचारलं की दुखते का. मी म्हटलं, आता नाही. मग त्या चिडल्या. म्हणाल्या, मी तुमच्या पाया पडली अन् तुमी पडू देलं. आमी खेड्यातले लोक, आमाले ऑपरेशन काय समजन, असंच वाटलं ना तुमाले? मी म्हटलं, तुम्हाला नाही समजणार असं वाटलं नाही, तुम्ही हसाल असं वाटलं.

एवढं मी सोसलं असतं. पण आरोहीने विचारलं की लग्न झाल्यावर मलाही ते करावं लागेल का. अगदी सरळ विचारलं, जसं एखादी विचारेल की तुमच्याकडे डोक्यावर पदर घ्यावा लागतो का. मी नाही नाही म्हणत राहिले. अक्का, ते ऐकून तिची आई माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, त्यापेक्षा पोळ्या उचलतानाची नजर बरी होती.

निघताना सुधाकरराव ओसरीवर होते. कळवतो, एवढंच म्हणाले. ईशानला सगळं सांगितलं आहे. तो जेवणाच्या टेबलावरून उठून गेला. सुधाकरराव आता काय कळवतात त्याची वाट बघते आहे.

तुमच्यावर राग नाही. लोभ होता तसाच राहू द्या, सध्या माझ्याकडे तेवढाच आहे.

वनमाला


बेला
१९ फेब्रुवारी २०२५

सौ. विहीणबाई वनमालाबाईस,
वच्छलाबाईचा रामराम.

पत्र लेहाची मले सवय नाई, चुकलं तं समजून घ्या.

तुमी गेल्यावर मी दोन दिवस कोणाशी बोलली नाई. ईशानराव आले होते, आरोहीपाशी ओसरीवर बसले, तिच्या हातून चहा घेतला. तिनं तिचं सांगतलं, लगन करीन तं ईशानरावाशीच. मंग आरोहीच्या बाबानंबी मान हालवली. लगन ठरल्या तारखेले होईन.

विहिणीची पंगतबी होईन. ती मी सोडणार नाई, सारं गाव पाहते. तुमच्या ताटात गोड वाढणार नाई. काय सोसते अन् किती, ते आरोहीजवळ कळवा. तिच्या उष्टावणाची लहान ताटली हाय मायापाशी, तिच्यात वाढीन. तुमी सावकाश खा. आमच्यात विहीण हात धुवेपर्यंत पंगत उठत नाई, मी सगळ्याइले सांगून ठेवीन. कोणी काऊन म्हणून इचारलं तं तुमी सांगा नाई तं नका सांगू, पण नवस म्हणू नका.

माया दोन गोष्टी ऐका. एक, पर्स पंगतीत आणू नका. दुसरी, तुमच्या घरी माया लेकीच्या ताटाकडं कोणी पाहू नये. ती किती जेवते ते तिचं ती पाहीन.

लोभ जमन तसा वाढवू.

वच्छलाबाई


आदिलाबाद
६ मे २०२५

सौ. वच्छलाबाईंस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

आरोही खुशाल आहे. पुढच्या आठवड्यात दोघं उटनूरला ईशानच्या नोकरीच्या क्वार्टरमध्ये राहायला जातील. तोवर घरात तिचा आवाज आहे, आणि ईशानचे बाबा तिच्या हातच्या कढीलाही तुमच्याच कढीचे गुण देतात.

लग्नातल्या पंगतीबद्दल तेव्हा बोलता आलं नाही. त्या ताटलीत तुम्ही वरण आणि भाकरीचा कुस्करा वाढलात. माझ्या डाव्या हाताला पर्स नव्हती, तर तो हात कुठे ठेवावा ते कळेना. सगळ्यांची जेवणं आटोपली, बोटं वाळली, समोरचे एक आजोबा दोनदा खाकरले, कोणीतरी विचारलं की विहीणबाई, दात नाहीत का. लोक हसले. तुम्ही त्यांना गप्प केलं नाहीत, मलाही घाई केली नाहीत, तांब्या घेऊन उभ्या राहिलात. मी मान खाली घालून चावत होते. आयुष्यात एवढी लाज वाटली नव्हती. पण उठले नाही, शेवटचा घासही खाल्ला. हात धुतल्यावर त्या आजोबांच्या बायकोने विचारलं, तेव्हा तिला सांगितलं की पोटाचं ऑपरेशन झालंय. तिने विचारलं किती टाके, आणि मग स्वतःच्या मोतीबिंदूबद्दल बोलत बसली.

तुमची पहिली अट पाळली. दुसरी जड गेली. आल्यापासून आरोही माझ्याएवढंच वाढून घ्यायची आणि मी काही बोलले की ताट आणखी जवळ ओढायची. म्हणून मी बोलणं सोडलं. माझं जेवण तिच्यानंतर बराच वेळ चालतं. आधी ती उठून जायची, आता बसून राहते आणि शाळेतल्या गोष्टी विचारते.

काल पुरण केलं होतं. माझ्या ताटात भाजी-भाकरी होती. जेवताना तिने तिसरी पोळी मागितली. मी उठून तव्यावरची गरम पोळी वाढली, वर तूप सोडलं, आणि ती खाईपर्यंत खिडकीतून रस्त्याकडे बघत राहिले.

लोभ वाढतो आहे, तुम्हीही वाढवावा.

आपली विहीण,
वनमाला