न सांगता वाजवलेला भोंगा

मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने आगीचा भोंगा वाजवून पाहिला. कुणालाही न सांगता! आधी कळवा म्हणून मी दोनदा बजावलं होतं. मोरिवलीच्या कारखान्यात स्फोट झाला तेव्हा माझी सून मेघना आत होती. जखमा भरल्या, पण कुकरची शिट्टी झाली तरी ती ओट्याखाली जाऊन बसायची. म्हणून आमच्या मजल्यावर आता कुणीच कुकर लावत नाही. शेजारची सिंधी भाभी आपणहून म्हणाली, "दीदी, दाल पतीले में चढ़ेगी तो क्या बिगड़ेगा?" ती बाई तास तास डाळ शिजवते, आणि ह्या माणसाला एक निरोप देववत नाही?

मेघना तेव्हा जिन्यात होती. मी धावले. वाटलं, कोपऱ्यात अंग चोरून बसली असेल. नव्हती. कठडा घट्ट धरून, समुपदेशक बाईंनी शिकवलं तसा सावकाश श्वास सोडत उभी होती. मग खाली उतरून थेट सेक्रेटरीसमोर गेली.

"काका, बंद करा. आधी सांगायचं असतं."

"अगं, नुसतं टेस्टिंग होतं."

"तुमच्यासाठी."

उलट उत्तरं देते म्हणून कॉन्व्हेंटच्या सिस्टर्स मला वर्गाबाहेर उभं करायच्या, पण इतकं नेमकं उत्तर मलाही कधी सुचलं नाही. माझी सून!

उद्या पत्र देणार. सही मेघना करणार, तिनेच मागून घेतली. यापुढे भोंग्याआधी एक दिवस सूचना लावणार की नाही? लेखी उत्तर शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत. तोंडी चालणार नाही.