आईचं सोवळं

आई,

तू होती तेव्हा हे सांगायले जीभ उचलली नाही. तुले जाऊन आता किती वर्षं झाली, तरी ते सांगायचंच राहिलं.

मी आठ वर्षांची असताना अमरावतीच्या घरात बाबांनी वकिली सोडली, तू सोवळं सोडलं, आणि माझी झोप उडाली. मालक नको, जात नको, असं तुमचं ठरलं होतं. दुपारी कापसाच्या जिनात राबणाऱ्या बाया आपल्या चुलीशी बसून भाकर खायच्या. मले आवडायच्या त्या, पण दार वाजलं की साऱ्या एकदम गप्प व्हायच्या. विहिरीवर शेजारच्या काकू विचारायच्या, "काहून वं, तुह्या मायबापाले जेलात जाची लयच हौस आहे काय?" मी अर्धी बादली घेऊन पळत यायची, तू घरात आहे ना ते पाहायले.

बाबा संपासाठी अकोल्याले गेले, त्याच आठवड्यात फौजदार आला. सकाळची वेळ. बंदी असलेली पत्रकं चुलीमागच्या तुरीच्या डाळीच्या पिंपात. तू झटक्यात पेटीतलं जुनं रेशमी लुगडं गुंडाळते, चुलीपुढं बसते.

"मी सोवळ्यात आहो. नैवेद्य व्हायचा आहे. आत पाय टाकू नका."

आणि तो एवढा मिशाळ माणूस खरंच बूट मागं घेतो. "बरं झालं बाई. लोक तर सांगत होते, तुमी बाटल्या म्हणून. चला रे."

शिपाई वळले. तेव्हा मी बोलली, "आई, तू तर सोवळं कधीचंच सोडलं ना? काल जिनातल्या बायांसोबत जेवलो आपण."

शिपाई परत फिरले, बुटासकट आत घुसले. साऱ्या स्वयंपाकघरात डाळ सांडली, पत्रकं सापडली. तू सहा महिने जेलात, मी मावशीकडं. सुटून आली ती खोकतच, आणि येईल त्याले हसून सांगायची, "माही पोरगी खोटं बोलत नाही. आमीच शिकवलं, आता तिले रागवू कशी?" मी तुझ्या पाठीमागं नखं खात उभी. त्याच खोकल्यानं तू गेली.

कॉलेजात गेल्यापासून हे चारदा लिहून फाडलं. दरवेळी कागदावर मी भोळी निघते. नव्हती मी भोळी. तुझा डाव मले तेव्हाच कळला होता. वाटलं, एकदा कागद सापडले की हे सारं थांबेल, बाबा घरी येतील, दार वाजलं तरी कोणी दचकणार नाही. कागदच नेतील, असं वाटलं. तुले नेतील, असं नाही वाटलं.

हेही पाठवायचं कुठं? बाबा अजून सभेत ती गोष्ट सांगतात, आपल्या खरं बोलणाऱ्या पोरीची. लोक टाळ्या वाजवतात. मीही वाजवते.