जाड केबल, रुंद पाइप

३ फेब्रुवारी

साहेबांनी माझा आराखडा टेबलावर आपटला! "बाई, हॉस्पिटल बांधतोय आपण, रॉकेट नाही सोडत. एवढा स्पीड कोण वापरणार?" सगळे हसले. मीही हसले — मूर्खासारखी. नव्या इमारतीत नेटवर्कच्या केबली आत्ताच जाड टाका, पाइप रुंद घ्या, एवढंच तर म्हणत होते. एकदा प्लास्टर झालं की भिंती फोडाव्या लागतील. आत पेशंट झोपलेले असताना!

४ फेब्रुवारी

सासूबाई म्हणाल्या, "माझ्याशी भांडतेस तशी तिथे भांड की!"

६ फेब्रुवारी

जुन्या इमारतीत गेले. स्कॅन बघणाऱ्या डॉक्टरबाईंशेजारी घड्याळ लावून बसले. जुन्या बारीक केबलीतून हृदयाचा एक स्कॅन उघडायला अकरा मिनिटं! "पूर्वी एका पेशंटचे तीनशे फोटो असायचे, आता तीन हजार," त्या म्हणाल्या. "पुढचं मशीन आलं की मी इथे विणकाम करत बसणार." अकरा तारखेला आराखड्याची बैठक आहे, तिला याच, अशी गळ घातली.

११ फेब्रुवारी

जिंकले!!!

डॉक्टरबाईंनी सगळ्यांसमोर स्कॅन उघडायला लावला आणि म्हणाल्या, "उघडेपर्यंत कुणी बोलायचं नाही. पेशंट टेबलावर आहे असं समजा." चौथ्या मिनिटाला साहेब चुळबुळले. सातव्याला हॉस्पिटलचे अध्यक्ष उठून येरझाऱ्या घालायला लागले. नवव्याला तेच ओरडले — "पुरे! बाईंचा आराखडा मंजूर!" जाड केबल, रुंद पाइप, शिवाय प्रत्येक मजल्यावर एक रिकामा पाइप, पुढे लागणाऱ्या केबलींसाठी. साहेब चहा न घेताच गेले.

२७ फेब्रुवारी

वायरमनदादा हळूच म्हणाले, "मॅडम, ही केबल काटकोनात वळत नाही हो." तिसऱ्या मजल्यावरचे एकोणीस कोपरे चुकलेत. माझ्याच नकाशात! गवंड्यांसमोर चूक कबूल केली, प्लास्टर थांबवलं. दादा म्हणाले, "कागदावर सगळंच वळतं."

१ मार्च

एकोणीसचे एकोणीस कोपरे गोल झाले. हुश्श!

१९ एप्रिल

चाचणी झाली. नेटवर्क जोडायच्या चारशे बारा जागा — चारशे बारा पास! दहापट वेग, अगदी टोकाच्या खोलीतसुद्धा. शेवटचा हिरवा दिवा लागला तेव्हा दादांनी शिट्टी मारली. मीही मारली. आयुष्यात पहिल्यांदा जमली!

३ मे

उद्घाटनाची पुस्तिका आली. 'दूरदृष्टीचा आराखडा' — खाली साहेबांचं नाव, साहेबांचा फोटो. माझ्या राजीनाम्याला तीन ओळी पुरल्या.