मराठी शाळेची क्विझ आणि माझी सुटका

१२ जानेवारी, रविवार
इथे अमेरिकेत, पार्सिपनीच्या मराठी शाळेच्या मीटिंगमध्ये एकच वाक्य बोललो: मुलांना किती कळलंय ते बघायला डिजिटल क्विझ घ्यावी. पुढच्या मिनिटाला मोठ्या मुलांचा वर्ग माझ्या गळ्यात. आपल्याकडे जो सुचवतो त्यानेच ते करायचं असतं, हे मी विसरलोच कसा? रविवारी सकाळी नऊ, म्हणजे नेमकी माझी बॅडमिंटनची वेळ! किती दिवस, विचारलं. मुलं घडाघडा मराठी बोलायला लागली की तुम्ही मोकळे, असं मुख्याध्यापिका नीलांबरीताई म्हणाल्या. ठीक. मी प्रोग्रॅम मॅनेजर आहे, मार्चपर्यंत उडवतो. प्रसादला, म्हणजे माझ्या डबल्स पार्टनरला, जागा राखून ठेवायला सांगितलं.

१९ जानेवारी, रविवार
पहिली क्विझ. प्रश्न शुद्ध देवनागरीत. हे कुठल्या लँग्वेजमध्ये आहे, असं वर्गातल्या वीरने विचारलं. निकाल भयंकर. दोष टायमरचा.

२६ जानेवारी, रविवार
टायमर दुप्पट केला. उरलेल्या वेळात मुलांनी एकमेकांच्या टॅब्लेटचे पासवर्ड बदलले. निकाल बघून आपण आपलं शिकवणं बदलायचं, त्यासाठीच क्विझ असते, असं नीलांबरीताईंनी समजावलं. मला माहीत नाही का? पण शिकवणं बदलायला वेळ कुठे आहे? प्रश्न बदलले.

९ फेब्रुवारी, रविवार
प्रश्न आता इंग्रजीत. उत्तरांचे चार पर्याय मराठी, पण रोमन लिपीत, शेजारी चित्र. स्कोअर एकदम ऐंशी टक्के! डॅशबोर्ड हिरवागार. आमची आन्या याच वर्गात आहे. इट्स टू ईझी बाबा, म्हणाली. मुलांना मराठी सोपी वाटायला लागलीय. आणखी काय हवं?

२ मार्च, रविवार
प्रसादचा फोन. माझ्या जागी ऋषी खेळतोय म्हणे, टेम्पररी. वर त्याच्या बॅकहँडचं कौतुक! संताप आला. वेग वाढवलाच पाहिजे. मुलांच्या बोलण्यात फार वेळ जातो, म्हणून वर्गात बोलणं बंद केलं. आता चिडीचूप. शेजारच्या वर्गाच्या दीपाताई शिस्त बघायला येऊन गेल्या.

२३ मार्च, रविवार
सगळ्यांना शंभर टक्के!!! रंगीत रिपोर्ट नीलांबरीताईंना दिला आणि सुटका मागितली. छान, म्हणाल्या, मग पाडव्याच्या कार्यक्रमात मुलं जगन्नाथकाकांशी गप्पा मारतील, ते झालं की तुम्ही सुटलात. जगन्नाथकाका नागपूरहून मुलाकडे आलेत. दिवसभर घरात बोलायला कोणी नाही, म्हणून फिरायला निघतात आणि दिसेल त्याला थांबवतात. अशा माणसाशी गप्पा म्हणजे हातचा मळ. नवी रॅकेट ऑर्डर केली.

६ एप्रिल, रविवार, दुपारी
काका नवा सदरा घालून आले होते. स्टेजवर वीरसमोर खुर्ची ओढून बसले आणि जेवलास का बाळा, असं विचारलं. वीरने मागच्या भिंतीकडे पाहिलं. छताकडे पाहिलं. मग अगदी नम्रपणे, ऑप्शन्स कुठे आहेत, असं इंग्रजीत विचारलं. हॉल हसला. काकांना काही कळेना. तेव्हा आन्या (माझीच!) मदतीला धावली आणि यू हॅव टू गिव्ह अस फोर, असं तिने काकांना समजावलं. काका बिचारे प्रेमळ. बोटांवर मोजून पोळी, भात, वरण आणि उपाशी असे चार पर्याय दिले. सगळ्या मुलांनी पटापट हात वर केले. तोंड एकानेही उघडलं नाही.
काका हसले आणि सगळ्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. पण स्टेजवरून उतरताना त्यांचा चेहरा पडला होता. मला लाज वाटली. माइक खराब होता, हेही खरं.

७ एप्रिल, सोमवार
नीलांबरीताईंचा फोन. रागावल्या नाहीत, तेच वाईट. मुलांना नेमकं काय येत नाही हे तुमच्यामुळे पहिल्यांदा कळलं, म्हणाल्या. त्यामुळे वर्ग पुढचं वर्षभर माझ्याकडेच. शिवाय शनिवारी संध्याकाळी काकांबरोबर नुसता बोलण्याचा तास, टॅब्लेटशिवाय. सगळ्यांनी एकमताने ठरवलंय.
स्पष्ट नाही म्हणायचं ठरवलं. तोंड उघडलं, पण शब्दच सुचेना. तेवढ्यात त्यांनी विचारलं, पाच वाजता की सहा?
मी सहा निवडले.