चांदणीच्या जाळ्यातला माझा धागा

झेबा बेटा,

तुझ्या कोळ्याचे, म्हणजे चांदणीचे, दोन्ही फोटो काढलेत. एक पाठीचा, एक पोटाचा. फ्रीजवरच्या जुन्या मोबाईलमध्ये आहेत. जात ओळखायला तुझ्या सरांना जाळ्यातली पांढरी नागमोडी फुलीही बघायची होती ना, तीही पूर्ण आलीय.

एक चूक सांगून टाकतो. काल बाल्कनीचा पडदा लागून जाळं फाटलं. येवल्यात चाळीस वर्षं माग चालवलेला माणूस मी, तुटका धागा बघून हात गप्प बसेना. डब्यातलं रेशीम काढून सांधून दिलं. चांदणी कडेला जाऊन बसली, हललीच नाही. आज सकाळी बघतो तर माझं रेशीम खाली फरशीवर, आणि वर अख्खं जाळं नवं, फुलीसकट. पडदा आता बांधून ठेवलाय, सोडू नकोस.

मी मालेगावला तुझ्या अम्मीला भेटायला चाललोय. मागच्या वेळी तुझ्या अब्बूच्या वतीनं मीच माफी मागितली, शब्दही मीच दिला. ती आली आणि पंधरा दिवसांत परत माहेरी गेली. या वेळी मी काही बोलणार नाही. ती सांगेल ते ऐकून येईन.

डाळ कुकरमध्ये आहे, भात तेवढा लाव. जेवताना तुझा अब्बू विचारेल, दादाजान तिला घेऊन येणार का. त्याला सांग, मालेगावची एसटी त्यालाही मिळते.

दादाजान